कॅम्परव्हॅनची सुट्टी आणि बिघडलेलं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जाणाऱ्यांना हे प्रश्न दोनच वेळी पडतात. निघायच्या आदल्या रात्री अंदाज पाहताना, नाहीतर तिसऱ्या मुक्कामाला छपरावर पाऊस वाजत असताना. घाईत असाल तर वारा, पूर आणि गॅस यांविषयीचे प्रश्न आधी वाचा. बाकीच्या चुका खिशाला जड जातात, या तीन जिवावर बेततात.

आठवडाभर पावसाचा अंदाज आहे. सहल रद्द करावी का?

नुसत्या पावसासाठी नको. पावसाने माणूस भिजतो, एवढंच. सुट्टीचा विचका करतात त्या तीन गोष्टी वेगळ्या: वारा, गाडीच्या आत साठत जाणारी ओल, आणि कागदावर आखलेला मार्ग काहीही झालं तरी पुरा करायचाच हा हट्ट. यातला हट्ट सगळ्यात वाईट. हॉटेलात उतरलेला माणूस पावसात अडकतो, कारण त्याच्या खोलीला चाकं नसतात. तुमच्या खोलीला आहेत. तरीही अनेक जण सातही रात्रींच्या जागा आधीच ठरवून, पैसे भरून मोकळे होतात आणि कॅम्परव्हॅनचा जो मुख्य फायदा, तोच घरबसल्या घालवतात. पहिली रात्र आणि शेवटची रात्र पक्की करा, मधल्या शक्य तितक्या मोकळ्या ठेवा.

रद्द किंवा पुढे ढकलायची वेळ येते ती हवामान खात्याने तुमच्या वाटेवर वादळाचा किंवा अतिवृष्टीचा गंभीर इशारा दिला असेल तेव्हा. तिथे घासाघीस करू नये.

अंदाज किती दिवसांचा खरा मानायचा?

माझा हिशेब असा: पुढच्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर निर्णय घ्यायचा, पाच-सात दिवसांच्या अंदाजावरून फक्त कल बघायचा आणि त्यापुढच्याकडे पाहून उगाच मन खट्टू करून घ्यायचं नाही. ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जनतेसाठी हवामानाचा अंदाज छापायला सुरुवात केली, आणि अंदाज चुकला की लोकांची बोलणीही तेव्हापासूनच खाल्ली. आजचे अंदाज त्याहून कितीतरी पक्के असतात, पण ते वाचता यायला हवेत. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. अशा अंदाजाचे दहा दिवस घेतले, तर त्यातल्या साधारण चार दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. तो पाच मिनिटांची सर असेल की दिवसभराची रिपरिप, हे त्या आकड्यात नसतं. त्यासाठी तासागणिक अंदाज आणि रडारचं चित्र पाहा.

अनेक फोनमध्ये हवेचा दाब मोजायची सोय असते. गाडी एका जागी उभी असताना तीन तासांत दाब ६ हेक्टोपास्कलहून जास्त उतरला, तर काहीतरी जोरदार येतंय असं समजा. ‘एका जागी’ हे महत्त्वाचं आहे. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. घाट चढताना दाब ‘कोसळतोय’ म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

पाऊस थांबायची वाट बघत बसायचं की तिथून निघायचं?

आधी पाऊस कसला आहे ते पाहा. डोंगररांगेमुळे पडणारा पाऊस असेल तर निघा. ओलसर वारा डोंगराच्या ज्या बाजूला येऊन आदळतो तिथे तो वर चढतो, थंड होतो आणि पाणी टाकून देतो. पलीकडे उतरेपर्यंत तीच हवा कोरडी झालेली असते. शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून आपण जो पाठ करतो, तो नकाशात बोट ठेवून शोधायची हीच वेळ. कधी कधी पन्नास-शंभर किलोमीटरची एक दौड पुरते आणि सुट्टी सावरते. मात्र मुसळधार पावसात घाटरस्त्यावर दरडींची भीती असते. खिंड ओलांडायची असेल तर उजेडात, सर ओसरल्यावर आणि रस्ता चालू असल्याची खात्री करूनच.

कमी दाबाचं मोठं क्षेत्र शेकडो किलोमीटरवर पसरलेलं असेल तर पळून फायदा नाही. तरी कुठल्या दिशेला जाऊ नये ते कळतं. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ साली मांडलेला ठोकताळा सोपा आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या. दऱ्याखोऱ्यांत वारा वळतो, म्हणून हे मोकळ्या पठारावर किंवा ढगांची चाल पाहून करावं.

थंडी हीच अडचण असेल तर खाली उतरा. उंची १००० मीटरने कमी झाली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उबदार होते.

वारा किती असला की गाडी चालवू नये?

गाडीच्या उंचीवर आणि तुमच्या सवयीवर ते अवलंबून आहे, पण सरळ आकडा हवा असेल तर माझा नियम देतो. झोत ताशी ६० किलोमीटरच्या वर जाणार असतील तर उंच छपराची गाडी मोकळ्या रस्त्यावर नेत नाही. ८०च्या वर असतील तर कुठलीच नेत नाही.

अंदाजातला ‘वाऱ्याचा वेग’ म्हणजे जमिनीपासून १० मीटर उंचीवरची सरासरी. गाडीला ढकलतात ते झोत, आणि ते सरासरीच्या दीडपट सहज असतात. त्यामुळे अंदाज पाहताना झोतांचा आकडा वेगळा शोधा. बहुतेक जण तो बघतच नाहीत.

वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे लोकांना पटत नाही, म्हणून ढोबळ हिशेब देतो. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच गाडीची एक बाजू म्हणजे १५ चौरस मीटरचं शीड. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्या शिडावर साधारण ११० किलो वजनाइतका रेटा देतो, ८०चा वारा ४५० किलोंइतका. आणि तो येतो आडवा, तुम्ही ओल्या रस्त्यावर असताना.

इंटरनेट नसेल तर झाडांकडे पाहा. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याची जी मोजपट्टी तयार केली, तिची जमिनीवरची खूण अशी: मोठ्या फांद्या हलतायत आणि छत्री धरवत नाही, म्हणजे क्रमांक ६, ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. अख्खी झाडं डोलतायत आणि वाऱ्यासमोर चालणं जड जातंय, म्हणजे क्रमांक ७, ५० ते ६१. डहाळ्या मोडून पडतायत, म्हणजे क्रमांक ८, ६२ ते ७४. डहाळ्या मोडू लागल्या की किल्ली काढून खिशात ठेवा.

निघावंच लागलं तर वेग कमी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. धोका असतो तो आडोसा संपतो तिथे: पुलाचं तोंड, बोगद्याच्या बाहेर, डोंगरातून कापलेल्या रस्त्याचा शेवट आणि मोठ्या ट्रकला ओलांडताना. ट्रकच्या आडोशाला येईपर्यंत तुम्ही नकळत वाऱ्याच्या विरुद्ध स्टिअरिंग धरून बसलेले असता. मग वारा एकदम नाहीसा होतो आणि ट्रक मागे पडला की पुन्हा थाडकन आदळतो.

रात्री वाऱ्यात गाडी कशी उभी करायची?

नाक वाऱ्याकडे. समोरचा भाग बाजूच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, त्यामुळे हेलकावे खूप कमी होतात. सरकता दरवाजा आडोशाच्या बाजूला यायला हवा. वर उचलायचं कापडी भिंतींचं छप्पर, म्हणजे पॉप-टॉप, खाली करून कुलूपबंद करा आणि सगळ्यांनी खालीच झोपा. अडचण होईल, पण होऊ द्या. जुन्या झाडाखाली थांबू नका. पाऊस मुरलेल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते आणि झाड फांदीने नव्हे, अख्खंच पडतं.

पुढचे दरवाजे एका वेळी एकच उघडायचा, आणि तोही हाताने घट्ट धरून. झोताने हिसकलेला दरवाजा उलट फिरून बिजागरी वाकवतो. भाड्याच्या गाड्यांमध्ये हे इतकं होतं, की काही करारांत या नुकसानीची भरपाई वेगळी लिहून वगळलेली असते.

बाजूचं ऑनिंग पावसात उघडं ठेवलं तर चालतं ना? त्यासाठीच तर आहे.

मलाही असंच वाटलं होतं. ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला ओढून ताणायचं कापडी छप्पर, आणि ते मुळात उन्हासाठी आहे. हलक्या सरीत, तुम्ही जागे असताना आणि एक टोक खाली कललेलं असेल तर चालतं. सपाट ताणलेल्या कापडावर पाणी साठतं: एक चौरस मीटर जागेत पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो. माझ्या पहिल्याच सहलीत पहाटे दोन वाजता आधी कापड फुगल्याचा आवाज आला, मग एक पाय दुमडला आणि सगळं पाणी दारातून आत, थेट बुटांच्या ढिगावर. झोपायच्या आधी ते गुंडाळायचं. आकाशात चांदणं असलं तरी.

विजा कडकडत असताना गाडीत बसणं सुरक्षित आहे का?

पत्र्याची बंद गाडी असेल तर हो, बाहेरच्या मोकळ्या जागेपेक्षा कितीतरी. पण त्याचं श्रेय रबरी टायरना नाही. किलोमीटरभर हवा भेदून आलेल्या विजेला वीतभर रबराचं काय? धातूची चौकट वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेते, म्हणून आतला माणूस वाचतो. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूच्या पिंजऱ्यात हेच दाखवलं होतं. म्हणून फायबरग्लासचं शरीर असलेली गाडी आणि पॉप-टॉपच्या कापडाआडची वरची गादी यांना हे संरक्षण नाही. बाहेरून वीजजोडणी घेतली असेल तर वादळ जवळ यायच्या आधीच काढा, आणि काच मिटून धातूपासून हात दूर ठेवा.

लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

मुक्कामाची जागा नदीकाठी आहे. काळजी करावी का?

हो. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी. वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस काही तासांनी तुमच्यापर्यंत येतो, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता. झाडाझुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि काटक्या पाहा. आधीचा पूर कुठवर चढला होता हे त्यावरून कळतं. त्या रेषेच्या खाली मुक्काम नको. कोरडं पात्र, खोलगट जागा आणि एकच छोटा पूल असलेली वाट यांनाही हाच नियम. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं, किंवा ओंडके वाहून येऊ लागले, तर सामान गोळा करत बसू नका.

रस्त्यावरून पाणी वाहतंय, पण फार खोल दिसत नाही. गाडी घालावी का?

नाही. साधारण १५ सेंटीमीटर वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडतं, ३० सेंटीमीटर पाणी अनेक लहान गाड्या उचलतं आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गाडी जड आहे म्हणून टिकेल असं नाही. तळाशी भरपूर पोकळी असलेली ती मोठी पेटीच आहे. शिवाय पाण्याखालचा रस्ता अजून जागेवर आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

चाक चिखलात रुतलं. आता?

सगळ्यात आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक गरगरा फिरवणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं. चाकासमोरचा चिखल उकरा, खाली रबरी मॅट, फळी किंवा काटक्या घाला, चाकं सरळ करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघा. जमलं नाही तर हवेचा दाब थोडा कमी करून बघा, मात्र पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर तो पुन्हा भरायला हवा. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या रेषेत उभं राहू नये, कारण मॅट मागे उडते. गवतावर मुक्काम करतानाच, ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती कडक आणि थोड्या उंच जागेवर येतील असं पाहिलं, तर सकाळी यातलं बहुतेक टळतं.

पावसात गाडी घसरते. वेग किती ठेवावा?

नेहमीपेक्षा बराच कमी, आणि पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. पण आधी टायर पाहा. कॅम्परव्हॅन वर्षातला बराच काळ उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच तो वाचा.

बाहेर पाऊस, खिडक्या घट्ट बंद, तरी आत सगळं ओलं. पाणी येतं कुठून?

तुमच्यातून. झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. लहान कॅम्परव्हॅनमध्ये हवा असते सुमारे १० घनमीटर, आणि २० अंशांच्या एवढ्या हवेत जास्तीत जास्त १७० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. उरलेली कुठे जाणार? थंड काचेवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला. आतली हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर थेंब जमणारच. गॅस जाळला की त्यात भर: १०० ग्रॅम प्रोपेन जळून १६० ग्रॅमहून जास्त पाणी तयार होतं.

उपाय ऐकून लोक मला वेड्यात काढतात, पण खिडकी उघडा. पावसातच. बाहेरची ५ अंशांची हवा पावसाने अगदी संपृक्त असली, तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत उतरते आणि ती आतली ओल पिऊन बाहेर नेते. म्हणजे छपरावरच्या झरोक्याला बोटभर फट, खाली आडोशाच्या बाजूला दुसरी फट आणि थोडी ऊब, हे तिन्ही एकत्र हवं. नुसती ऊब ठेवून खिडक्या बंद केल्या तर ओल वाढते. नुसत्या खिडक्या उघडल्या तर तुम्ही कुडकुडता.

दमट उन्हाळी पावसात हे गणित चालत नाही. बाहेरची हवाच २८ अंशांची आणि वाफेने भरलेली असेल, तर फट ठेवून वाळत काही नाही. तिथे पंखा, आणि गाडी चालवताना एसी लावून सुकवणं, एवढाच मार्ग.

बाकी शिस्तीचा भाग. भिजलेले रेनकोट झोपायच्या जागेत टांगू नका. दाराशी झाकणाचा एक मोठा डबा ठेवा, ओलं ते सगळं त्यात. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण. सकाळी काच आतून फडक्याने पुसा आणि फडकं बाहेर पिळा, सिंकमध्ये टाकून ठेवू नका. गादी रोज भिंतीपासून उचलून उभी करा. सिलिका जेलच्या पिशव्या कपाटात ठीक आहेत, अर्ध्या लिटरपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

थंडी फार आहे. स्वयंपाकाची शेगडी उबेसाठी चालू ठेवली तर?

कधीच नाही. कोळशाची शेगडी तर विझत आलेलीसुद्धा आत आणू नका. पावसामुळे बाहेर स्वयंपाक जमत नाही म्हणून लोक नेमकं हेच करतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि प्रवासाचा थकवा असेल म्हणून माणूस झोपतो. एकाच वेळी दोघांचं डोकं दुखू लागलं तर दार उघडून सगळ्यांनी बाहेर पडा, पाऊस असला तरी, आणि वैद्यकीय मदत बोलावा. या वायूची सूचना देणारा अलार्म चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बटण दाबून तपासा. गाडीच्या तळातली हवेची झडप थंड वारा येतो म्हणून कापडाने बुजवू नका; एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर बाहेर जायची त्याची वाट तीच आहे.

पाऱ्याने शून्य गाठलं आणि शेगडी पेटेना, तर सिलिंडर रिकामा झालाच असेल असं नाही. ब्युटेन साधारण शून्य अंशाखाली वायुरूप होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होतो. थंडीत प्रोपेन घ्या.

ढगाळ हवेत सोलर पॅनेलवर भागेल का?

नाही भागणार. दाट ढगांत उन्हाच्या दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापासून फार तर चौथ्या हिश्श्यापर्यंत वीज मिळते, आणि नेमकं तेव्हाच दिवे, पंखा, हीटर जास्त लागतात. एक-दोन तास गाडी चालवणं किंवा वीजजोडणी असलेली जागा घेणं हाच उपाय. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर तिचं तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करू नये.

चार माणसं, दोन मुलं त्यात, आणि दिवसभर आत. भांडणं होतात.

होणारच. सहा चौरस मीटरमध्ये कुणाचंही होईल. एका वेळी एकच जण उभा राहील असं ठरवा. निम्मी चिडचिड एकमेकांच्या पायात पाय आल्याने होते. दिवसातून एकदा सगळ्यांनी भिजून यायचं, पण परतल्यावर घालायचा एक जोड कोरडा राखायचा आणि तो बाहेर न्यायचा नाही, कुणीही. चौथ्या दिवशीही हवा तशीच असेल, तर एक रात्र पक्क्या छपराखाली काढा. त्यात हार कसली? गरम पाण्याची आंघोळ होते, कपडे वाळतात, आणि गाडीही दारं उघडी टाकून सुकते.

पैसे परत मिळतात का?

‘पाऊस पडला, मजा आली नाही’ या कारणासाठी सहसा नाही. प्रवासविम्यात भरपाई असलीच, तर प्रशासनाने रस्ता बंद करणं, फेरीबोट रद्द होणं अशा ठोस कारणांसाठी. वादळाची बातमी आल्यानंतर घेतलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई साधारणपणे धरत नाहीत. भाड्याच्या करारात छप्पर, तळ, ऑनिंग आणि पाण्यात गाडी घातल्याने झालेलं नुकसान अनेकदा वगळलेलं असतं. ते पान सही करण्याआधी वाचा. गाडी घेताना छपराचे आणि झरोक्याच्या रबराचेही फोटो काढा. आमच्या एका गाडीचा झरोका पहिल्या रात्रीपासून गळत होता. परत देताना ऐकावं लागलं, की तो तुम्हीच नीट लावला नसणार. फोटो असता तर वाद मिटला असता.

परत आलो, पॉप-टॉप ओलाच मिटलाय. पुढच्या सुट्टीला उघडला तर चालेल?

तोपर्यंत त्यावर काळे ठिपके पडलेले असतील, आणि बुरशीचे ते डाग कापडातून पुरते निघत नाहीत. एक-दोन दिवसांत, पहिलं ऊन पडेल तेव्हा, उघडून पूर्ण वाळू द्या. कपाटांची दारं उघडी ठेवा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गाद्या उभ्या करा. आणि गादीखालच्या फळीवरून हात फिरवून बघा. डोळ्यांना कोरडी दिसते, हाताला लागते ती ओलीच.